नको असेल तर वेगळं व्हा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



ओळख करून देताना मला 'संगणकातल्या जाणकार' म्हटलं गेलं. तसं काही नाही. मी केंद्रात आलेल्या तक्रारींची नोंद ठेवते, पत्रं टाईप करते, हिशेब बघते. प्रोग्रामची एक ओळसुद्धा मला लिहिता येत नाही. म्हणूनच मला आज बोलायचंय.

आपल्या ऑफिसात ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं हे खरं, पण मुद्दा तेवढाच नाही. त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते जसं लिहिलं गेलं तो मूळ मजकूर, सगळ्यांना खुला असतो. कोणीही तो वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ही चळवळ वापरणाऱ्यांच्या स्वातंत्र्याची भाषा बोलत आली आहे. वापरणाऱ्यांच्या, हे लक्षात ठेवा.

आता माझा अनुभव. आमच्या नोंदवहीच्या प्रोग्राममध्ये जोडाक्षरं छापताना तुटायची. 'स्त्री' हा शब्द कागदावर तुकडे तुकडे होऊन यायचा. (स्त्रियांच्या केंद्राचा अहवाल, आणि त्यात हे!) मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली, छापील कागदाचा फोटो जोडला. बऱ्याच दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: दुरुस्ती करून पाठवा, घेऊ.

खूप राग आला. मग आठवलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्याला घरी मीही हेच सांगते, उठा आणि घ्या. म्हणजे उत्तर देणाराही बहुधा दिवसाची नोकरी करून, रात्री बिनपगारी हे काम करणारा असणार. पण मिठाची बरणी हाताशी असणं आणि प्रोग्राम लिहिता येणं यात फरक आहे ना?

हा केवळ माझ्यापुरता प्रश्न नाही. संगणक सुरू केल्यावर समोर जो पडदा येतो, मेनू, खिडक्या, बटणं, तो पुरवणारा ग्नोम नावाचा मोठा प्रकल्प आहे. १९९७ साली सुरू झालेला. २००२ पासून त्याची दुसरी आवृत्ती लोकांच्या हाताला बसली होती. एप्रिल २०११ मध्ये तिसरी आली आणि सगळी मांडणीच बदलली. खिडकी खाली ठेवायचं बटणसुद्धा जागेवर राहिलं नाही. लोक चिडले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही त्याच वर्षी जाहीर टीका करून काही काळ दुसरी प्रणाली धरली. करणाऱ्यांचं म्हणणं होतं की जुना डोलारा सांभाळायला माणसं नाहीत आणि आरडाओरडा करणारे म्हणजे सगळे वापरणारे नव्हेत. यातही तथ्य आहे.

पण ठरवतं कोण? ग्नोमची संस्था २००० सालची. तिचं मंडळ सभासद निवडतात आणि सभासदत्व मिळतं ते प्रकल्पाला हातभार लावणाऱ्यांना. भाषांतर करणं, माहितीपुस्तिका लिहिणं हेही त्यात धरतात, ही चांगली गोष्ट. नुसतं वापरणारीला मात्र मत नाही. डेबियन या दुसऱ्या प्रकल्पाने १९९७ सालीच करारनामा करून वापरणाऱ्यांना अग्रक्रम दिला, पण तिथेही मतदान फक्त सभासदांचं.

यावर ठरलेलं उत्तर आहे: नको असेल तर वेगळं व्हा. कोड खुला आहे, घ्या आणि स्वतंत्र चूल मांडा. याला फोर्क म्हणतात. आणि खरोखरच, अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने ग्नोमचा जुना कोड घेऊन 'माते' नावाची प्रणाली उभी केली. ती आजही चालते. हा हक्क फार मोलाचा आहे, तो नसता तर काहीच हातात नसतं. पण आपण बायकांनी 'पटत नसेल तर माहेरी जा' हे वाक्य किती वेळा ऐकलंय? निघून जाता येणं आणि राहून बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि निघायलासुद्धा पदरी काहीतरी लागतं. इथे ते म्हणजे कोड लिहिण्याचं शिक्षण, मोकळा वेळ आणि इंग्रजी.

दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. एक्सझेड नावाचं फाइली लहान करून साठवणारं एक साधन आहे, जगभरच्या असंख्य यंत्रांमध्ये वापरलं जाणारं. लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस वर्षानुवर्षं ते जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याला पत्रांवर पत्रं आली: काम हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने उत्तर दिलं की मानसिक तब्येत बरी नसते आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे. पुढे एका तत्पर मदतनिसाच्या हाती अधिकार गेले आणि त्याच नावाने २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला यंत्रात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने खोदून पाहिलं आणि २९ मार्च २०२४ ला हे उघड केलं, म्हणून मोठं संकट टळलं. पत्रं लिहिणारे खोटेच होते असा दाट संशय आहे. पण त्यांची भाषा कोणालाच खोटी वाटली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. फुकट राबणाऱ्याशी असंच बोलतात, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

आमच्या 'स्त्री'चं काय झालं? आम्ही चौघीजणी बसलो. कोणती जोडाक्षरं तुटतात, कोणती नाही, याची यादी केली. एकीच्या भाचीने ती नीट इंग्रजीत मांडली. मी सुरुवातीलाच लिहिलं की तुमच्या कामावर आमचं केंद्र चालतं, आम्हाला कोड येत नाही, पण तुम्ही बदल कराल तेव्हा तपासून देऊ. दोनदा तपासून दिलंही. दुरुस्ती झाली. आभाराच्या यादीत दुरुस्ती करणाऱ्याचं नाव आलं, यादी करणाऱ्या चौघींचं नाही. त्याबद्दलही मी लिहिलंय, उत्तर यायचंय.

रफार अजून चुकतो. त्याची यादी मी सोबत आणली आहे. कोणाला भर घालायची असेल तर जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ या.