लस जनावराला, रक्षण माणसाचे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लस म्हटली की आपल्याला प्रथम देवीची आठवण होते. निसर्गतः देवी झालेला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मग साहजिकच प्रश्न पडतो की, हिवताप आणि पोटातील कृमी यांचाही असाच नायनाट का होऊ नये?

याचे उत्तर या शत्रूच्या स्वभावात आहे. हिवतापाचा जंतू हा परोपजीवी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावरच जगणारा. त्याच्यात पाच हजारांहून अधिक जनुके असतात. डासात त्याचे रूप एक, आपल्या यकृतात दुसरे आणि रक्तात तिसरे. पहारेकऱ्याने एक चेहरा ओळखावा तोवर हा चोर वेष बदलून पुढे गेलेला असतो. देवी एकदा झाली की सहसा पुन्हा होत नसे. हिवताप मात्र पुन्हा पुन्हा होतो, तो याचमुळे.

तरीही माणसाने हार मानलेली नाही. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हा परोपजीवी शोधून काढला. ते डास हुसेन खान नावाच्या एका रुग्णाला चावविले होते आणि प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला होता. तेथून लसीपर्यंत यायला सव्वाशे वर्षे लागली. जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापाच्या पहिल्या लसीची शिफारस २०२१ साली केली. घाना, केनिया आणि मलावी या देशांत २०१९ पासून ती प्रायोगिक रीत्या दिली जात होती. लस देण्याच्या वयोगटातील बालकांचे मृत्यू तेथे १३ टक्क्यांनी घटले. २०२३ साली दुसऱ्या लसीची शिफारस झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेली ही लस आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार करते. ठराविक हंगामात हिवताप येणाऱ्या भागांत तिने पहिल्या वर्षी सुमारे ७५ टक्के रोग टाळला. उरलेल्या २५ टक्क्यांसाठी मच्छरदाणी हवीच!

ही झाली माणसाला टोचायची लस. आता जनावराला टोचून माणसाला वाचविणाऱ्या लसीकडे वळू, कारण तिचा संबंध थेट आपल्या घराशी आहे.

बकऱ्याच्या कलेजीत किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसतात. त्यांपैकी बऱ्याच गाठी हायडॅटिड या रोगाच्या असतात. हा रोग एका चिमुकल्या पट्टकृमीमुळे होतो. लांबी अवघी काही मिलिमीटर. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, गवतातून मेंढी-बकरीच्या पोटात जातात आणि तेथे गाठी होतात. अशी कलेजी कुत्र्याने खाल्ली की चक्र पुन्हा सुरू. कुत्र्याला हाताळून हात न धुणे किंवा न धुतलेली भाजी खाणे यामुळे तीच अंडी माणसाच्याही पोटात जातात. मग यकृतात वा फुप्फुसात वर्षानुवर्षे गाठ वाढत राहते आणि अनेकदा शस्त्रक्रियेचीच पाळी येते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मटण खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमुळे होतो.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली यावरची मेंढ्यांसाठीची लस जगापुढे मांडली. 'ईजी ९५' हे तिचे नाव. अंड्यातून बाहेर पडलेली अळी ठाव धरण्यापूर्वीच मेंढीच्या रक्तातील प्रतिपिंडे तिला गाठतात. प्रयोगांत तिने ९५ टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. अर्जेंटिनाच्या रिओ नेग्रो प्रांतात २००९ पासून ती मेंढ्यांना टोचली जाऊ लागली. चीननेही तिचा मोठा वापर केला आहे. मात्र आधीच झालेली गाठ या लसीने जात नाही. म्हणून लसीच्या जोडीला कुत्र्यांना जंताचे औषध द्यावे लागते.

आपल्याकडे ही लस सर्रास टोचली जात नाही. पण साखळीची एक कडी आपल्या हाती आहे आणि ती तोडायला पैसा लागत नाही. कुर्बानीच्या दिवशी पाण्याच्या गाठी असलेली कलेजी वा फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकू नका. उकिरड्यावरही टाकू नका. कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा, किंवा नगरपालिकेच्या गाडीत द्या. जनावर कापण्याच्या जागी कुत्र्यांना फिरकू देऊ नका. घरी कुत्रा असल्यास जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला वेळोवेळी जंताचे औषध द्या. मुलांना जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावा. कोथिंबीर, मुळा, काकडी स्वच्छ धुऊन घ्या. माताभगिनींनी हे मनावर घेतले तर मोहल्ल्याचे अर्धे काम झालेच म्हणून समजा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच सांगणे आहे. डॉक्टर व इंजिनियर होण्याची स्वप्ने जरूर पाहा, पण पशुवैद्यकाकडेही वळून पाहा. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून हे शिक्षण देत आहे. आपल्या समाजात जनावरांचा व्यापार करणारे आहेत, खाटीक आहेत, कुक्कुटपालन करणारे आहेत. त्यांच्या घरातील मुला-मुलींना जनावराची जी पारख उपजत असते, तिला शास्त्राची जोड मिळाली तर पुढची लस तुमच्यापैकी कोणाच्या हातून का होऊ नये?