कागद कोणाच्या फायलीत?

(शारजा येथे मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)

जेवणाच्या आधी मला उभं केलंय, तेव्हा फार ताणणार नाही.

आपल्या प्रत्येकाला गावाकडून एक फोन येतोच. "अरे, आपला धाकटा. हात सोन्याचा आहे, पण शिक्षण नववी. तिकडे कुठे लावतोस का?" आपण "बघतो" म्हणतो आणि विसरतो. मी इथे वेल्डर म्हणून आलो, आता फॅब्रिकेशन यार्डात लोकांच्या ट्रेड टेस्ट घेतो. म्हणून त्या फोनला काय सांगायचं, तेवढंच बोलतो.

हात असेल तर तो टेस्टमध्ये दिसतो. पाइप 45 अंशांत तिरका बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, आपणच भोवती फिरून जोड भरायचा. याला सिक्स-जी म्हणतात. मग जोडाचा एक्स-रे. त्यात भेग दिसली की खेळ खलास. डिग्री तिथे कामाची नाही. गावात गेट-ग्रिलच्या दुकानात शिकलेली पोरं यात पास झालेली मी पाहिली आहेत, आणि सर्टिफिकेटवाली नापास झालेलीही.

अडतं ते सरकारदरबारी. इथल्या कामगार मंत्रालयाने व्यवसायांच्या 9 पातळ्या केल्यात. पहिल्या 5 पातळ्यांतला, साक्षांकित शैक्षणिक सर्टिफिकेटवाला आणि किमान 4000 दिरहम पगाराचा, तेवढा 'कुशल'. वेल्डर, सुतार, गवंडी सातव्या पातळीवर! म्हणजे ज्याचा जोड एक्स-रेत टिकतो तो कुशल नाही. हसा, पण पोटापाण्याचा प्रश्न आहे. एक बरं झालं, 2019 पासून कुटुंब आणायला हुद्दा नाही, पगार बघतात: 4000 दिरहम, किंवा 3000 आणि राहायची सोय.

आपल्या देशात दहावी नसेल तर पासपोर्ट ईसीआर, आणि यूएईला नोकरीवर यायला एमिग्रेशन क्लिअरन्स. पोरांना ही कटकट वाटते. एजंट म्हणतो, "व्हिजिटवर चल, तिकडे बघू." इथेच फसगत. क्लिअरन्सच्या रस्त्याने आलं तर एजंट नोंदणीकृत असतो, त्याला 30000 रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाहीत, आणि 275 रुपयांत 2 वर्षांचा 10 लाखांचा विमा मिळतो. इथला 2021 चा कायदाही भरतीचा खर्च कामगाराकडून घेऊ देत नाही. व्हिजिटवर आलेल्याच्या मागे यातलं काही उभं राहत नाही.

म्हणून त्या भाच्याला सांगा, आधी 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी दे. पास झाला की ईसीआरचा शिक्का गेला. सोबत आरपीएल म्हणजे आधीच्या अनुभवाची परीक्षा देऊन सर्टिफिकेट घे. त्यानं तो सातव्या पातळीवरून वर चढणार नाही, पण भाव करताना हातात काहीतरी राहील.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे चिपळूणकडचे एक काका होते. 14 वर्षं पाइप जोडले, डझनभर टेस्ट पास. कंपनी बंद पडली. वेल्डरची टेस्ट कंपनीच्या नावावर होते, कागद कंपनीच्या फायलीत. फायली गेल्या कुठे कोणास ठाऊक. शिवाय 6 महिने ती वेल्डिंग केली नाही तर ती पात्रता आपोआप संपते. काका नोकरी शोधत 8 महिने बसले होते. नव्या ठिकाणी त्यांना हेल्परच्या पगारावर घेतलं. पन्नाशीच्या माणसाला ग्राइंडर धरायला लावलं हो! पुढे त्यांनी टेस्ट दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले, पण वर्ष गेलं.

तेव्हा प्रत्येक टेस्टच्या रिपोर्टची झेरॉक्स मागायची, मोबाइलवर फोटो काढायचा, घरी पाठवायचा. कंपनी कुरकुर करते, तरी मागायची. आणि ऑफर लेटर वाचायचं. ते हिंदीत मिळतं; मराठीत नाही, त्याला इलाज नाही. त्यात व्यवसाय 'वेल्डर' लिहिलाय की 'हेल्पर', आणि बेसिक किती, हे पाहायचं. ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते: पहिली 5 वर्षं वर्षाला 21 दिवसांचा बेसिक, पुढे 30 दिवसांचा. अलाउन्स फुगवून बेसिक बारीक ठेवलं की 10 वर्षांनी कळतं.

कुणाच्या भाच्या-पुतण्याचं ऑफर लेटर आलं असेल तर जेवणानंतर दाखवा. मी चष्मा आणलाय.