फोटोचं सॉफ्टवेअर निवडताना

निवृत्तीनंतर हौसेनं कॅमेरा घेतलेले आपले सवंगडी विचारतात, "एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेचंच पाहा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंद्या उन्हात फटफटीत येतात. जेपेगमध्ये उडालेल्या चुण्या सहसा परत येत नाहीत. रॉ फाइलमध्ये पुष्कळदा येतात. म्हणून रॉ उघडणारं, मूळ फोटोला धक्का न लावणारं सॉफ्टवेअर निवडा. लाइटरूम सोपं, पण त्याची वर्गणी भरत राहावी लागते. डार्कटेबल २००९ पासून फुकट मिळतं. शिकायला मात्र वेळ लागतो. आधी तेच शिका. अडलं तरच पैसे मोजा.

आणि मूळ फाइल पुसू नका. फोटोतला माणूस पुढच्या यात्रेला असेलच असं नाही.