समाजआरती आणि आमचा बांध



आम्ही चौथी शिकलो. भाषण येत नाही, कीर्तन येतं. पण दिंडीच्या शंभरीला बोला म्हणाले, म्हणून घरचंच एक सांगतो.

माउलींच्या पालखीत तळावर समाजआरती होते, तुम्ही पाहिलीय. दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा गजर चालतो. चोपदारांनी चोप वर करून 'हो' म्हटलं की सगळे टाळ गप्प. पण ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असतं ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडं चालत जातात, ऐकून घेतात, मग तो टाळ थांबतो. कुणाला शिवी नाही, कुणावर हात नाही. आम्ही हे तीस वर्षं पाहिलं, पण घरी कधी नेलं नाही.

धाकट्या चुलतभावाशी बांधावरून नऊ वर्षं बोलणं बंद होतं. त्यानं दोन हात बांध कोरला, आम्ही त्याचं पाणी अडवलं. तारखा चालू. आणि कीर्तनात आम्ही काय सांगायचो? मंबाजी! तुकोबांची म्हैस बागेत शिरली म्हणून त्यानं काट्यांनी मारलं. रात्री तो कीर्तनाला दिसेना तर तुकोबा स्वतः बोलवायला गेले, त्याचं अंग चेपलं. लोकांचे डोळे भरायचे. आम्ही नारळ घेऊन घरी यायचो आणि भावाच्या दारावरून मान फिरवून जायचो.

एका वारीत लोणंदच्या तळावर एका दिंडीचा टाळ काही थांबेना. उभ्या उभ्या मनात आलं, आपला भाऊ नऊ वर्षं टाळच वाजवतोय, आपण एकदा तरी चालत गेलो का?

वारी करून आलो नि सकाळीच त्याच्या ओसरीवर बसलो. तो म्हणाला, "मोजणी आणलीय का?"

म्हटलं, "नाही. तू बोल, आम्ही मधे बोलणार नाही."

कीर्तनकारानं गप्प बसणं म्हणजे एकादशीपेक्षा कडक उपास. बांधाचं त्यानं दोन वाक्यांत संपवलं. मग म्हणाला, "दादा, आई गेली तेव्हा तुम्ही मातीला आला नाहीत. तिनं तुम्हाला मांडीवर वाढवलं होतं."

आमच्याकडं उत्तर होतं, की सांगावा आला नव्हता. ते तोंडापर्यंत आलं, गिळलं. "चुकलं आमचं," एवढंच म्हणालो. आत भावजय रडत होती. जरा वेळानं तिनं चहा आणला.

पाण्याची पाळी ठरवायला मग अर्धा तास लागला. तारखा बंद केल्या. बांध अजून वाकडाच आहे, मोजणी दोघांनीही आणली नाही. यंदा भाऊ दिंडीत चालला. टाळ धरतो, पण ताल सोडतो. तेवढं मात्र आम्ही त्याला अजून सांगितलेलं नाही.