पुस्तकावरून शिकलेला पूल



मागच्या भिशीला एकीनं मला विचारलं, "तुमच्याकडे पूल शिकवतात म्हणे?" लगेच दुसरी म्हणाली, "कोणता, पूर्णा नदीवरचा का?" सगळ्या हसल्या. आज त्याच पुलाबद्दल बोलायचं आहे. टेबलावर रंगीत बॉल मांडायचे आणि क्यू नावाच्या लांब काठीनं पांढरा बॉल मारून ते सहा पॉकेटांत घालायचे, तो हा खेळ. कॅरम खेळलेल्या बाईला तो निम्मा आधीच येतो. पांढरा बॉल म्हणजे स्ट्रायकर, रंगीत म्हणजे सोंगट्या.

माझ्या मुलानं चार वर्षांपूर्वी कर्ज काढून घराखालच्या गाळ्यात एक जुनं टेबल आणून टाकलं. दीड वर्षात त्याला पुण्याला नोकरी लागली. टेबल इथंच राहिलं आणि हप्ताही राहिला. आमचे हे म्हणाले, विकून टाकू. पण बघायला येणारा भंगाराचा भाव सांगे. शेवटी संध्याकाळी मीच गल्ल्यावर बसायला लागले. जाऊबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरांच्या अड्ड्यावर घरची बाई बसते, हे त्यांना पटेना. खरं सांगते, पहिले काही दिवस मलाही मान वर करून बसवत नव्हतं.

दुपारी गाळा रिकामा असायचा. एक दिवस शटर अर्धं ओढून घेतलं आणि क्यू हातात धरला. शिकवणार कोण? पोरांना विचारायची लाज वाटे. मुलाच्या कपाटात एक इंग्रजी पुस्तक सापडलं, रॉबर्ट बर्न या अमेरिकन खेळाडूचं, १९७८ सालचं. अर्धं पूलवर, अर्धं बिलियर्ड्सवर, आणि पानोपानी आकृत्या. माझी पुतणी अकरावी सायन्सला आहे. ती वाचून सांगायची, मी आकृती बघायची. डाव्या हाताची बोटं टेबलावर टेकवून क्यूला आधार देतात, त्याला इंग्रजीत ब्रिज म्हणतात. "काकू, म्हणजे पूलच की!" पुतणी म्हणाली. असे आमचे दोन पूल झाले.

पहिली खरी गोष्ट शिकले ती नसलेल्या बॉलची. पॉकेटापासून रंगीत बॉलच्या मध्यातून एक सरळ रेघ मनात ओढायची आणि ती मागे वाढवायची. त्या रेघेवर, रंगीत बॉलला चिकटून, आणखी एक बॉल ठेवलाय असं समजायचं. आपला पांढरा बॉल नेमका त्याच्या जागी पोचला पाहिजे. पुलाचा बॉल साधारण ५७ मिलीमीटरचा असतो, म्हणजे रंगीत बॉलच्या मध्यापासून ५७ मिलीमीटर मागे आपला नेम. ही जागा दिसावी म्हणून मी कापडावर टिकली लावली. कपाळाचीच टिकली! आठवडाभर छान चाललं, पण तिचा गोंद कापडाला धरला आणि बॉल तिथं अडखळायला लागला. आता कागदाचा बारीक तुकडा नुसता ठेवते.

मग अर्धा बॉल. पांढऱ्याचा मध्य रंगीत बॉलच्या बरोबर कडेवर धरून मारला, तर रंगीत बॉल ३० अंश वळून जातो. पुतणीनं वहीत त्रिकोण काढला आणि ओरडली, "हे तर आमचं साईन थर्टी!" तेव्हापासून तिला गणितही जरा आवडायला लागलंय. ज्या कोरिओलिसचं नाव पोरांच्या पुस्तकात वाऱ्यांच्या धड्यात येतं, त्या फ्रेंच माणसानं १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला होता.

बॉल पॉकेटात घालणं ही झाली पहिली पायरी. पांढरा बॉल पुढच्या फटक्यासाठी कुठं थांबवायचा, तिथं खरा खेळ सुरू होतो. समोरासमोर टक्कर देताना पांढरा बॉल न फिरता नुसता घसरत पोचला, तर तो जागीच थांबतो. गडगडत पोचला तर रंगीत बॉलच्या मागं जातो. उलटा फिरत पोचला तर आपल्याकडे परततो. माझा बॉल काही केल्या थांबत नव्हता. कारण पुस्तकातच होतं, मी दोनदा वाचूनही सुटलं होतं. मध्यावर मारला तरी लांबच्या वाटेत कापडाला घासून तो गडगडायला लागतो. म्हणून लांबून थांबवायचा तर मध्याच्या थोडं खाली मारावं लागतं.

खाली मारायच्या नादातच घात झाला. क्यूचं मागचं टोक उचललं गेलं आणि पुढचं कापडात घुसलं. बोटभर फाटलं. नवं कापड म्हणजे दोन हप्त्यांचे पैसे. ते त्या दिवशी जेवले नाहीत, मीही नाही. आकृतीत बॉल दिसतो, क्यू दिसतो, पण माझं कोपर आणि माझं डोकं त्या पुस्तकाला कुठून दिसणार? शेवटी लाज सोडून गॅरेजात काम करणाऱ्या एका पोराला म्हटलं, बघ रे, माझं काय चुकतंय. तो दोन मिनिटांत म्हणाला, "काकू, मारायच्या आधीच तुम्ही डोकं वर काढता. बॉल गेला का ते बघायची घाई." नंतर पुतणीनं मोबाईलवर काढून दाखवलं. अगदी तसंच होतं.

तेव्हापासून एक पान घेतलं की त्यातला एकच फटका दहा वेळा मारायचा आणि किती जमले ते वहीत लिहायचं. थांबवायचा फटका पहिल्या दिवशी १० पैकी २ जमला, तीन आठवड्यांनी ६. पावसाळ्यात कापड ओलसर होतं, बॉल जड चालतो, आकडा खाली येतो. तेही लिहून ठेवते.

आणि हा काही विलायतेतूनच आलेला खेळ नाही, बरं का. स्नूकर हा प्रकार जन्मला आपल्या जबलपुरात, १८७५ साली, इंग्रज लष्कराच्या छावणीत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. बायकांचं म्हणाल, तर बंगळुरूची विद्या पिल्लई २०१७ साली जागतिक महिला स्नूकरच्या अंतिम सामन्यात पोचली होती आणि ६-५ असा एका फ्रेमनं सामना हुकला. तो निकाल मी जाऊबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "एकाच फ्रेमनं? अगं, मग परत खेळायचं." बोलायला लागल्या, हेच मला पुष्कळ!

कर्जाचे अजून सात हप्ते बाकी आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार गाळा फक्त बायकांसाठी उघडा असतो. सध्या आम्ही पाच जणी आहोत, जाऊबाई धरून. इंग्रजी येत नसलं तरी चालेल, पुतणीनं सतरा पानं मराठीत उतरवली आहेत. यायचं असेल तर बांगड्या थोड्या मागे सरकवून या, क्यूला अडकतात. आणि टिकल्या कपाळावरच राहू द्या, कागद माझ्याकडे आहेत.