डॉलरची सोय आणि तिची किंमत

आंतरराष्ट्रीय व्यापारात पैसा कोणाचा चालवायचा, हे आधी ठरावे लागते. भारताने सौदी अरेबियाकडून तेल घेतले, तर विकणाऱ्याला रुपये नको असतात आणि घेणाऱ्याकडे रियाल नसतात. म्हणून हिशेब डॉलरमध्ये होतो. या व्यवस्थेचा पाया जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांच्या परिषदेत घातला गेला. सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर ठरला आणि बाकीची चलने डॉलरला बांधली गेली. कोणत्याच देशाच्या मालकीचे नसलेले ‘बँकॉर’ हे चलन काढावे, ही ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांची योजना त्याआधीच बाजूला पडली होती.

या परिषदेला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुखही होते. युद्धकाळात भारताने ब्रिटनला पुरवलेल्या मालाचे पैसे लंडनमध्ये पौंडांत साठले होते, पण ते हवे तेव्हा डॉलरमध्ये बदलून मिळत नव्हते. परिषदेत ठरत असलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने यातून वाट काढावी, अशी भारतीय शिष्टमंडळाची मागणी होती. हा दोन देशांचा आपसातला मामला आहे, असे सांगून ब्रिटनने ती टोलवली. येणेकरी पारतंत्र्यात आणि देणेकरी राज्यकर्ता, मग दुसरे काय होणार!

तरीही या व्यवस्थेचे फायदे मोठे होते. विनिमयदर बऱ्याच अंशी स्थिर राहिले, व्यापार वाढला, अडचणीतल्या देशाला नाणेनिधीकडून कर्ज मिळू लागले. दोष मुळातच होता. जगाला डॉलर पुरवायचे तर अमेरिकेबाहेर ते सतत जात राहायला हवेत, आणि जितके जास्त जातील तितका त्यांच्यामागच्या सोन्यावरचा भरवसा कमी होणार. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट ट्रिफिन यांनी १९६० मध्ये हे दाखवून दिले होते. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. १९७३ पासून प्रमुख चलनांचे दर बाजारात ठरू लागले, पण डॉलरचे स्थान टिकले.

डॉलर संपले की काय होते, हे भारताने १९९१ मध्ये अनुभवले. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी पाठवले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. सोने गहाण टाकणे म्हणजे अब्रूचा प्रश्न, त्यामुळे गहजब झाला. त्याच महिन्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. नाणेनिधीचे कर्ज अटींसह आले.

त्यानंतर भारताने मोठी गंगाजळी साठवली. तिचा बराच भाग परदेशी सरकारी रोख्यांत असतो, म्हणजे विकसनशील देश श्रीमंतांना स्वस्तात कर्ज देतो. शिवाय परक्याच्या तिजोरीतला पैसा अडकू शकतो. २०२२ मध्ये अमेरिका, युरोप आणि त्यांच्या मित्रदेशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली.

त्याच वर्षी जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयांत करण्याची सोय केली. तिची मर्यादा लवकरच दिसली. मे २०२३ मध्ये गोव्यात आलेल्या रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनीच सांगितले, की भारतीय बँकांत रशियाचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे तर आधी दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. भारत रशियाकडून तेल भरपूर घेतो आणि त्या मानाने त्याला विकतो फार थोडे.