फाटकावरचा माजी सैनिक

सोलापूर-पुणे रस्त्यावर मोहोळ तालुक्याच्या हद्दीत वसलेल्या चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यांच्या फाटकांवर रखवाली करणाऱ्यांत फौजेची नोकरी पुरी करून आलेली माणसे भेटतात; त्यांच्यापैकी एखाद्याचा गुडघा रात्रपाळीत सुजून येतो, तेव्हा त्या व्यथेचे मूळ कोणत्या सरहद्दीवरच्या रानात आहे, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा न राहता निवृत्तिवेतनाच्या दप्तराचाही होतो.

ते मूळ कधी किड्याच्या दंशातही असू शकते. अशा दंशाने सैनिक जायबंदी व्हावा, यात नवल नाही; दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अशाच दंशाने होणाऱ्या स्क्रब टायफस तापाने फौजांचे अतोनात हाल केले. गोचिडीमुळे जडणाऱ्या लाइम रोगाबाबत अमेरिकेचा माजी सैनिकांसाठीचा सरकारी दंडक असा, की रोग सक्रिय असेतो विकलांगता शंभर टक्के धरावी आणि पुढे सांधे, मज्जातंतू अथवा आकलनशक्ती यांत जे व्यंग मागे उरेल त्याचे निराळे मोजमाप करावे. परंतु दंश केव्हा झाला, हे पुष्कळदा रोग्यालाच उमगत नाही; जे त्याने पाहिलेच नाही, त्याचा पुरावा त्याच्याकडून मागणे न्याय्य कसे म्हणावे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धर्मवीर सिंह या शिपायाच्या दाव्यात पुराव्याचा भार कोणावर, या प्रश्नाचा निवाडा केला. 1985 साली भरती झालेल्या या शिपायास अपस्मारामुळे 20 टक्के विकलांग ठरवून 1994 साली सेवामुक्त करण्यात आले. पण रोगाचा नोकरीशी संबंध नाही, असा शेरा वैद्यकीय मंडळाने मारल्याने विकलांगता-वेतन मात्र नामंजूर झाले. न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर तो सेवेमुळे उद्भवला असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, आणि मंडळाने आपल्या मताची कारणे लेखी द्यावीत. हा निकाल मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण त्याने संशयाचा फायदा, जिथे तो जायला हवा होता, त्या शिपायाच्या पदरात घातला.

मात्र सप्टेंबर 2023 पासून, त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी, विकलांगता-वेतनाची नवी नियमावली अमलात आली आहे. म्हणून माजी सैनिकाने आपण कोणत्या तारखेला निवृत्त झालो, हे प्रथम पाहावे. भरतीचा वैद्यकीय दाखला, इस्पितळाचे कागद आणि मंडळाचा अहवाल जपून ठेवावेत, ते घेऊन सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, आणि दावा नामंजूर होऊन त्यावरचे अपीलही फेटाळले गेले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागण्यास कचरू नये.